सागरतळाचा अभ्यासक : सर जॉन मरे

मुंबईच्या उत्तरेस साष्टी बेटावर जोगेश्वरी हे उपनगर वसलेले आहे. एके काळी ते लहानसे खेडे होते. आता तेथे लोकवस्तीची दाटी झाली आहे. त्या दाटीतच सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी खडकात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. ज्या खडकाच्या पोटात ती कोरली गेली, तो खडक सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकांतून निर्माण झाला. शेजारच्या अंधेरीतील गिल्बर्ट टेकडीचे उभे पाषाणस्तंभ हीही त्याच अग्नियुगाची खूण होय. भूमीच्या इतिहासाची अशी पाने डोंगरात उघडी पडलेली असतात आणि जाणता मनुष्य ती वाचू शकतो.

परंतु समुद्राच्या तळाची पाने कोणी वाचावी? जोगेश्वरीच्या पश्चिमेस वेसाव्याचा किनारा आहे. तेथील कोळी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जात आले आहेत. किती वाव पाण्यात कोणती मासळी सापडते, कोठे चिखल आहे आणि कोठे खडक आहे, हे त्यांना मुखोद्गत असते. मात्र किनारा फार मागे राहिला, की त्यांच्या दोरीला तळ लागत नाही. त्यापलीकडील अथांग पाण्याखाली काय आहे, हे दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत जगातील मोठमोठ्या विद्वानांनाही ठाऊक नव्हते. त्या अंधाऱ्या तळाचा शोध घेण्यात ज्यांनी सारे आयुष्य वेचले, त्यांत सर जॉन मरे यांचे नाव अग्रभागी आहे. आपल्या अरबी समुद्रातील एका जलमग्न पर्वतरांगेला त्यांचेच नाव मिळाले आहे.

जॉन मरे यांचा जन्म ३ मार्च १८४१ रोजी कॅनडातील कोबर्ग या गावी झाला. त्यांचे आईवडील स्कॉटलंड सोडून तेथे जाऊन राहिले होते. मरे सतरा वर्षांचे झाले, तेव्हा शिक्षणासाठी ते स्कॉटलंडमध्ये आपल्या आजोबांकडे आले. कॅनडातील विस्तीर्ण सरोवराच्या काठी वाढलेल्या या मुलाला पहिल्या सागरप्रवासाने जणू वेड लावले. पुढे एडिंबरो विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. वर्गात ते मन लावून बसत, प्रयोगशाळेत तासन्‌तास रमत. परंतु परीक्षा देऊन पदवी मिळविण्याची त्यांना मुळीच उत्सुकता नव्हती. जो विषय आवडेल, त्याच्या मागे ते जात. अशा विद्यार्थ्याचे पुढे कसे होणार, अशी चिंता एखाद्या पालकाला वाटली असती, तर त्यात नवल नव्हते.

इ. स. १८६८ मध्ये देवमाशांच्या शिकारीस निघालेल्या एका जहाजावर वैद्य म्हणून ते उत्तर ध्रुवाकडील समुद्रात गेले. सात महिने त्यांनी बर्फाळ पाण्यावर काढले. तेथील प्रवाह, हिमखंड आणि समुद्रजीव यांची ते बारकाईने नोंद करीत. परत आल्यावर त्यांनी पुन्हा प्रयोगशाळेत प्रवेश केला. हातात पदवी नव्हती; परंतु निरीक्षणाची सवय मात्र हाडीमाशी खिळली होती.

याच सुमारास ब्रिटिश सरकारने पृथ्वीवरील महासागरांच्या अभ्यासासाठी एक मोहीम योजिली. तिचे शास्त्रीय नेतृत्व वायव्हिल थॉमसन या प्राध्यापकांकडे होते. नेमलेल्या सहाय्यकांपैकी एकाने ऐनवेळी माघार घेतली आणि एका गुरूच्या शिफारशीवरून ती जागा मरे यांना मिळाली. ‘चॅलेंजर’ नावाच्या युद्धनौकेवरील बहुतेक तोफा काढून तेथे प्रयोगशाळा थाटण्यात आली. तोफांच्या जागी काचेच्या बरण्या, सूक्ष्मदर्शक यंत्रे आणि मैलोगणती दोरखंड आले. २१ डिसेंबर १८७२ रोजी हे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघाले.

त्या काळी समुद्राची खोली मोजणे हे मोठे कष्टाचे काम होते. दोरीला जड वजन आणि एक पोकळ नळी बांधून ती पाण्यात सोडीत. नळी तळात रुतली, की वजन सुटून तेथेच राही आणि दोरी वर ओढून घेत. नळीत चिमूटभर चिखल अडकून येई. अतिशय खोल जागी अशा एका मापनाला कित्येक तास लागत. जहाज तेवढा वेळ एकाच जागी धरून ठेवावे लागे. दिवसामागून दिवस हेच काम चाले. खलाशी त्याला कंटाळून जात. अनेकांनी तर बंदर लागताच जहाज सोडून पळ काढला. मरे मात्र त्या चिमूटभर चिखलाची वाट पाहत उभे असत. इतरांना विचित्र मासे आणि नवनवे प्राणी पाहण्याचा हव्यास होता. मरे यांनी तळाच्या चिखलाचा अभ्यास आपल्याकडे घेतला.

त्या चिखलात सूक्ष्मदर्शकाखाली असंख्य बारीक शंखांसारखी कवचे दिसत. ग्लोबिजेरिना नावाच्या अतिसूक्ष्म जीवांची ती कवचे होती. हे जीव तळाशीच राहतात की काय, असा तेव्हा वाद होता. मरे यांनी समुद्राच्या वरच्या थरात बारीक विणीची जाळी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली आणि तेच जीव तेथे जिवंत सापडतात, हे दाखवून दिले. म्हणजे हे जीव वर जगतात आणि मेल्यानंतर त्यांची कवचे पावसासारखी संथपणे तळाकडे झरत राहतात. अशा रीतीने लक्षावधी वर्षांत चिखलाचे जाड थर साचतात. फार खोल भागात ही कवचे विरघळून जातात आणि तेथे तांबडी माती तेवढी उरते, हेही या मोहिमेत दिसून आले.

साडेतीन वर्षांत चॅलेंजरने ६८,८९० सागरी मैलांचा प्रवास केला. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम पॅसिफिक महासागरात दोरी ४,४७५ वावांपर्यंत खाली गेली, तेव्हा तळ लागला. मरे यांच्या सहकाऱ्यांपैकी एक तरुण शास्त्रज्ञ वाटेतच मृत्यू पावला. अखेर २४ मे १८७६ रोजी जहाज मायदेशी परतले. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी तळ उंचावलेला आहे, हे या प्रवासातील मापनांनी स्पष्ट झाले. मात्र हिंदी महासागरात हे जहाज दूर दक्षिणेकडूनच गेले. अरबी समुद्राच्या वाट्याला त्याची दोरी आली नाही.

प्रवास संपला, तरी काम संपले नव्हते. आणलेल्या हजारो नमुन्यांची वर्णने लिहून प्रसिद्ध करावयाची होती. हे कार्य थॉमसन यांनी आरंभिले. परंतु १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सारी जबाबदारी मरे यांच्यावर आली. नाना देशांतील विद्वानांकडे नमुने पाठवावे, त्यांचे लेख मिळवावे, ते तपासावे आणि छापावे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा दिनक्रम झाला. सरकारी पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा त्यांनी पदरचा पैसा घातला. १८९५ मध्ये या अहवालाचा पन्नासावा खंड पुरा झाला. ज्या विद्यार्थ्याने पदवीची परीक्षा दिली नाही, त्याने पन्नास खंडांचे काम तडीस नेले. आपल्या एका मुलाच्या नावातही त्यांनी ‘चॅलेंजर’ हा शब्द गुंफला होता, इतकी त्या जहाजावर त्यांची माया होती.

या अभ्यासातून मरे यांचे एक ठाम मत बनले होते. खोल समुद्रातील चिखल आणि तांबडी माती यांच्यासारखे खडक त्यांना भूखंडांवर कोठे आढळेनात. त्यावरून, महासागरांची खोल द्रोणे अतिप्राचीन काळापासून जेथल्या तेथेच आहेत, असे ते मानीत. त्या काळच्या अनेक विद्वानांचेही मत तसेच होते. हे मत पुढे टिकले नाही. ते कसे ढासळले, ही या चरित्रातील मोठी लक्षणीय गोष्ट आहे.

चॅलेंजरवरील जुने सहकारी पुढे इतर जहाजांवर अधिकारी झाले होते. जावा बेटाच्या दक्षिणेस हिंदी महासागरात ख्रिसमस नावाचे एक बेट आहे; त्या काळी ते निर्जन होते. तेथील खडकाचे तुकडे या मित्रांनी मरे यांच्याकडे धाडले. मरे यांनी ते तपासले, तेव्हा त्यांपैकी एका तुकड्यात शेतीच्या खतास उपयोगी असे उत्तम फॉस्फेट असल्याचे आढळले. त्यांच्या आग्रहावरून ब्रिटिश सरकारने १८८८ मध्ये ते बेट आपल्या ताब्यात घेतले. पुढे १८९७ मध्ये तेथील फॉस्फेट काढण्यासाठी कंपनी स्थापन झाली आणि मरे धनवान झाले. सरकारला या बेटापासून मिळालेले उत्पन्न चॅलेंजर मोहिमेच्या संपूर्ण खर्चाहून अधिक भरले. मात्र या संपत्तीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. खाणीत राबण्यासाठी तेथे चिनी मजूर नेण्यात आले होते. निकृष्ट अन्नामुळे जडणाऱ्या बेरीबेरीच्या रोगाने सुरुवातीच्या वर्षांत त्यांतील शेकडो माणसे दगावली. त्या अज्ञात श्रमिकांच्या कष्टांवर ते धन उभे होते.

हाती पैसा आला, तरी मरे यांनी ऐषआरामाचे जीवन पत्करले नाही. स्कॉटलंडमध्ये डोंगरांच्या कुशीत शेकडो सरोवरे आहेत. त्यांची खोली कोणी मोजलेली नव्हती. सरकारी खाती हे काम अंगावर घेईनात, तेव्हा मरे यांनी ते फ्रेडरिक पुलर या आपल्या तरुण स्नेह्यासह १८९७ मध्ये स्वतः सुरू केले. लहानशा नावेतून एकेक सरोवर ते मोजीत चालले. फेब्रुवारी १९०१ मध्ये एका गोठलेल्या सरोवरावरील बर्फ फुटून काही माणसे पाण्यात पडली. त्यांना वाचविण्यासाठी पुलर याने पाण्यात उडी घेतली आणि त्यातच त्याचा अंत झाला. मरे यांना या घटनेने इतके दुःख झाले, की हे काम सोडून द्यावे, असे त्यांच्या मनात आले. परंतु मुलाने आरंभिलेले कार्य अपुरे राहू नये, म्हणून पुलर याच्या वडिलांनी मोठी रक्कम देऊ केली. मरे यांनी मन आवरले आणि पुन्हा दोरी हाती घेतली. १९०९ पर्यंत ५६२ सरोवरांची मोजणी पुरी झाली.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, १९१० मध्ये, त्यांनी नॉर्वेच्या ‘मायकेल सार्स’ या जहाजावरून पुन्हा अटलांटिक महासागरात प्रवास केला. या मोहिमेचा खर्च त्यांनीच सोसला. १६ मार्च १९१४ रोजी एडिंबरोजवळ मोटारीच्या अपघातात त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वीच त्यांनी आपल्या संपत्तीची व्यवस्था लावून ठेवली होती. ख्रिसमस बेटाच्या कंपनीतील काही भागांचे उत्पन्न सागरसंशोधनासाठी खर्च व्हावे, अशी तजवीज त्यांनी मृत्युपत्रात केली होती. समुद्राने दिलेले धन त्यांनी समुद्राच्याच अभ्यासाला वाहिले.

त्यांच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी या धनाचे फळ अरबी समुद्राला मिळाले. ‘मबाहिस’ नावाचे १३८ फूट लांबीचे एक छोटे जहाज इजिप्तच्या सरकारने दिले. कलकत्त्याच्या प्राणिसर्वेक्षण संस्थेचे प्रमुखपद भूषविलेले सेमूर सेवेल हे मोहिमेचे नेते होते. जहाजावर ब्रिटिश आणि इजिप्ती शास्त्रज्ञ एकत्र काम करीत होते. ३ सप्टेंबर १९३३ रोजी अलेक्झांड्रियाहून निघालेले हे जहाज एडन, कराची, मुंबई, मोंबासा, कोलंबो अशी बंदरे घेत २५ मे १९३४ रोजी परत आले. या मोहिमेला जॉन मरे मोहीम असेच नाव होते.

मबाहिसवर खोली मोजण्यासाठी दोरी सोडावी लागत नसे. जहाजातून ध्वनी खाली पाठवावा, तो तळावर आदळून परत येण्यास किती वेळ लागतो ते पाहावे आणि त्यावरून खोली काढावी, असे यंत्र त्यावर होते. चॅलेंजरच्या खलाशांना ज्यासाठी कित्येक तास खपावे लागे, ते काम आता काही क्षणांत होऊ लागले. जहाज चालत असतानाच तळाचे चढउतार कागदावर उमटू लागले. अशा मापनांतून मकराणच्या किनाऱ्यापुढे, मुंबईच्या वायव्येस दूर समुद्रात, पाण्याखाली दडलेली एक लांबलचक पर्वतरांग दिसून आली. तिला मरे यांचे नाव देण्यात आले.

ही मरे पर्वतरांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे शेकडो किलोमीटर पसरली आहे. तिच्या सभोवारचा समुद्र सुमारे तीन हजार मीटर खोल आहे. परंतु तिची काही शिखरे पाण्याच्या पृष्ठभागापासून एक हजार मीटरांच्याही आत येतात. ही रांग तेथे कशी उभी राहिली, याचे उत्तर मिळण्यास आणखी काही दशके जावी लागली. १९६० नंतरच्या दशकात भूशास्त्रात मोठी क्रांती झाली. पृथ्वीचे कवच अखंड नसून अनेक प्रचंड भूपट्टांचे बनलेले आहे आणि हे भूपट्ट अतिमंद गतीने सरकत असतात, हे सिद्ध झाले. सागरतळ मध्यभागी फाटून दोन्ही बाजूंस पसरतो, या विचाराला आधार देणारी, १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली मापने अरबी समुद्राच्या दक्षिणेस असलेल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरचीच होती.

मरे पर्वतरांग भारतीय आणि अरबी या दोन भूपट्टांच्या सीमेवर आहे. दोन्ही भूपट्ट उत्तरेकडे सरकत आहेत. मात्र अरबी भूपट्ट भारतीय भूपट्टाहून किंचित अधिक वेगाने जातो. त्यांच्या गतींतील हा फरक वर्षाला अवघा काही मिलिमीटर आहे. बोटाचे नखदेखील एका वर्षात याहून कितीतरी अधिक वाढते. दोन फळ्या एकमेकींना लावून एक पुढे सरकविली आणि त्यांची कड सरळ नसून वाकडी असली, तर वाकणाच्या जागी फट पडते. तसेच येथे झाले. सीमेला जेथे वाक आहे, तेथे घसरणीबरोबर ताणही पडला. कवचाचा काही भाग खचून तेथे खोल दरी झाली आणि तिच्या कडेचा भाग उंचावला.

हे केव्हा घडले, याची साक्ष तेथील चिखलाच्या थरांनी दिली. सिंधू नदी हिमालयातील माती वाहून आणून कोट्यवधी वर्षे या समुद्रात टाकीत आली आहे. मरे रांगेवरील जुने थर कलंडलेले आहेत आणि नंतरचे थर त्यांच्यावर सपाट बसलेले आहेत. थर साचतात तेव्हा ते सपाट असतात; म्हणून जुने थर साचल्यानंतर आणि नवे साचण्यापूर्वी हा तळ उचलला गेला, हे उघड आहे. अशा पुराव्यांवरून या उत्थानाचा आरंभ सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी झाला, असे अनुमान काढले गेले. अशा थरांचे वय ठरविताना ज्या सूक्ष्म कवचांची मोठी मदत होते, त्यांत ग्लोबिजेरिनाच्या कुळातील कवचेही आहेत. चॅलेंजरच्या फळ्यांवर उभे राहून मरे यांनी जो चिखल निरखला, त्याच जातीच्या चिखलाने सागरतळ स्थिर नाही, ही गोष्ट सांगितली.

हे ज्ञान दूरच्या समुद्रापुरते नाही. मरे रांगेच्या उत्तरेस मकराणच्या किनाऱ्याखाली अरबी भूपट्ट आशियाच्या भूपट्टाखाली शिरतो आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. त्यामुळे उसळलेल्या सागरी लाटा त्याच सकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन थडकल्या. वेसावे, जुहू, दांडा या कोळीवाड्यांच्या किनाऱ्यांवरून त्यांनी माणसे ओढून नेली. समुद्राच्या तळाशी शेकडो कोसांवर झालेली हालचाल जोगेश्वरीच्या शेजारी असलेल्या वस्तीला जिवानिशी जाणवली. म्हणूनच तळाचे नकाशे आणि भूपट्टांच्या सीमा जाणून घेणे, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक समाजाच्या हिताचे आहे.

मरे यांना आपल्या नावाची पर्वतरांग कधी पाहावयास मिळाली नाही. महासागरांची द्रोणे अचल आहेत, हे त्यांचे मत त्याच पर्वतरांगेच्या इतिहासाने खोटे ठरविले. तरीही यात त्यांचा पराभव झाला, असे कोणी समजू नये. त्यांनी नमुने जपून ठेवले, मापे प्रामाणिकपणे लिहिली आणि आपल्या पश्चात इतरांना शोध घेता यावा, म्हणून धनही मागे ठेवले. स्वतःचे मत तपासून पाहण्याची साधने त्यांनी पुढच्या पिढीच्या हाती दिली. वेसाव्याचा कोळी आपल्या मुलाला नाव आणि जाळे देतो, तेव्हा मुलाने बापाने पाहिले तेवढेच पाणी पाहावे, असे त्याच्या मनात नसते. सर जॉन मरे यांनीही ज्ञानाची नाव अशाच उदार हातांनी पुढे ढकलली.